पंपिंग ६०%, पेरिकार्डियम 'नॉर्मल', तरी मानेच्या शिरा फुगलेल्या: कॉन्स्ट्रिक्टिव्ह पेरिकार्डायटिसची फसवी चित्रं

इकोघर:

'पोटात पाणी होण्याची कारणं' या धाग्यावर मी प्रतिसादात कॉन्स्ट्रिक्टिव्ह पेरिकार्डायटिसचा ओझरता उल्लेख केला होता. दोघातिघांनी 'सविस्तर लिहा' म्हटलं, म्हणून हा वेगळा धागा. मी हृदयरोगतज्ज्ञ आहे आणि दिवसाचा बराच वेळ इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, अंधाऱ्या खोलीत जातो. डॉक्टर नसलेल्यांनाही कळेल असं लिहायचा प्रयत्न आहे. मधे आकडे आणि इकोची बोली येईल, तेवढे परिच्छेद गाळून पुढे गेलात तरी चालेल. कुणाच्याही रिपोर्टवरून इथे निदान करणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

हृदयाभोवती दुपदरी पिशवी असते, ती पेरिकार्डियम. निरोगी माणसात तिची जाडी २ मिलिमीटरच्या आतच असते. तिचा दाह झाला, तो भरून येताना व्रण धरला आणि पिशवी आवळली, की हृदयाला फुलायला जागा उरत नाही. हाच कॉन्स्ट्रिक्टिव्ह पेरिकार्डायटिस. आकुंचन छान चालतं, पण हृदय भरायचं तेवढं भरत नाही. मग रक्त मागे तुंबतं. मानेच्या शिरा फुगतात, यकृत मोठं होतं, पोटात पाणी साठतं, पाय सुजतात. आपल्याकडे याचं सर्वांत मोठं कारण अजूनही टीबी. युरोप-अमेरिकेत कारण सापडत नाही किंवा व्हायरल असावं असे रुग्ण जास्त, त्याखालोखाल हृदयाची शस्त्रक्रिया झालेले आणि छातीला रेडिएशन घेतलेले.

पुस्तकातलं चित्र सगळ्यांना पाठ असतं: एक्स-रेवर हृदयाभोवती कॅल्शियमचं पांढरं कवच, सीटीवर ४ मिलिमीटरपेक्षा जाड पेरिकार्डियम. तसं दिसलं तर एमबीबीएसचा विद्यार्थीही ओळखेल. पण अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २००३ साली प्रसिद्ध केलेली रुग्णांची एक मालिका आहे. शस्त्रक्रियेत आजार सिद्ध झालेले १४३ रुग्ण. त्यातल्या २६ जणांचं, म्हणजे १८ टक्क्यांचं, पेरिकार्डियम २ मिलिमीटर किंवा त्याहून कमी होतं. ते काढल्यावर त्यांनाही इतरांइतकाच आराम पडला. कॅल्शियमचंही तेच. मेयोच्याच दुसऱ्या मालिकेत १३५ पैकी फक्त ३६ जणांच्या एक्स-रेवर कॅल्शियम होतं, म्हणजे २७%. 'जाडी नाही, कॅल्शियम नाही, म्हणजे आजार नाही' असं म्हणत राहिलो तर बरेच रुग्ण हातातून निसटतील.

पिशवी किती जाड आहे ते मोजता येतं. किती कडक आहे ते असं मोजता येत नाही. त्यासाठी श्वासाबरोबर हृदय कसं वागतं ते पाहावं लागतं, आणि माझ्या मते या आजारातली निम्मी 'विचित्र' चित्रं विचित्र वाटतात ती आपण श्वासाकडे न बघता फक्त आकार बघतो म्हणून.

दोन गोष्टी होतात. श्वास आत घेतला की छातीतला दाब उतरतो. फुप्फुसातल्या शिरांपर्यंत हा उतार पोचतो, पण आवळलेल्या पिशवीच्या आत पोचत नाही. त्यामुळे डाव्या बाजूला रक्त ढकलणारा जोरच कमी पडतो आणि डावा कप्पा कमी भरतो. दुसरं, पिशवीतली एकूण जागा ठरलेली. एसटीच्या दोघांच्या बाकावर एकजण पसरून बसला की दुसऱ्याने अंग चोरायचं, तसं डावा कप्पा कमी भरला की उजवा पसरतो आणि दोन कप्प्यांमधला पडदा डावीकडे सरकतो. श्वास सोडला की उलट.

इकोवर हे सगळं दिसतं, फक्त श्वासाची रेघ लावून शांतपणे बघायला हवं. २०१४ साली मेयोने शस्त्रक्रियेत आजार सिद्ध झालेल्या १३० रुग्णांची तुलना रिस्ट्रिक्टिव्ह आजार (पिशवी नव्हे, हृदयाचा स्नायूच कडक होणं) किंवा ट्रायकस्पिड या उजव्या बाजूच्या झडपेची तीव्र गळती असलेल्या ३६ जणांशी केली. तीन खुणा कामाच्या ठरल्या. श्वासाबरोबर पडदा सरकणं. मायट्रल या डाव्या बाजूच्या झडपेच्या कड्याचा पडद्याकडचा वेग, ज्याला आम्ही मीडियल ई-प्राइम म्हणतो, तो सेकंदाला ९ सेंटिमीटर किंवा जास्त असणं. आणि उच्छ्वासात यकृताच्या शिरेतला डायस्टोलिक (हृदय भरतानाचा) प्रवाह उलटा फिरणं, उलट्याचं सुलट्याशी प्रमाण ०.७९ किंवा अधिक. पडदा सरकतोय आणि बाकी दोन्हींपैकी एक आहे, असं असेल तर संवेदनशीलता (आजार असलेल्यांपैकी किती पकडले) ८७% आणि विशिष्टता (आजार नसलेल्यांपैकी किती बरोबर वगळले) ९१%. तिन्ही असतील तर विशिष्टता ९७%, पण मग संवेदनशीलता ६४ वर येते.

हा मीडियल ई-प्राइम मोठा गमतीशीर. हृदय निकामी होताना तो मंदावतो, हे आमच्या डोक्यात ठसलेलं. इथे तो चांगला किंवा जास्तच असतो, कारण आजूबाजूच्या भिंती पिशवीला चिकटल्या आहेत आणि हृदय लांबीच्या दिशेने जेवढं हलता येईल तेवढं हलतंय. निरोगी माणसात बाहेरच्या भिंतीकडचा वेग पडद्याकडच्यापेक्षा जास्त असतो. इथे बाहेरची भिंतच बांधलेली, म्हणून उलटं होतं. याला अ‍ॅन्युलस रिव्हर्सस म्हणतात. घाईच्या ओपीडीत 'ई-प्राइम उत्तम, डायस्टोलिक फंक्शन ठीक' असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. रुग्णाचे पाय सुजलेले असताना ई-प्राइम उत्तम असेल तर खरं तर खुर्चीत सावरून बसायला हवं.

कंदीपेढा:

वाचतोय. एक बाळबोध शंका. आमच्याकडे कुणाचा टू-डी इको झाला की घरचे एकच विचारतात, 'पंपिंग किती?' डॉक्टर म्हणाले ६० टक्के, की सगळे निर्धास्त. तुम्ही म्हणताय पंपिंग ६० असूनही माणूस इतका आजारी असू शकतो?

इकोघर:

@कंदीपेढा, शंका बाळबोध नाही, मुद्द्याची आहे. पंपिंगचा टक्का म्हणजे आत आलेल्या रक्तापैकी किती बाहेर गेलं. आत मुळात किती आलं हे तो सांगत नाही. ११० मिलिलिटरपैकी ६६ बाहेर टाकले तर ६०%, आणि ६० पैकी ३६ टाकले तरी ६०%. दुसऱ्या माणसाला जिना चढवत नाही. ठोके वाढवणं एवढाच उपाय शरीराच्या हातात उरतो.

रक्तातल्या बीएनपीचंही असंच. हृदयाच्या भिंती ताणल्या की ते वाढतं. इथे पिशवी भिंतींना ताणू देत नाही, म्हणून लक्षणांच्या मानाने बीएनपी कमी येऊ शकतं. मग 'पंपिंग नॉर्मल, बीएनपी फार नाही, हृदयाचं काही नाही' असं पत्र घेऊन रुग्ण पोटाच्या डॉक्टरांकडे जातो.

पोटोबा:

आणि तिथून आमच्याकडे येतो. मी गॅस्ट्रोवाला. धागा आवडला, म्हणून माझ्या बाजूने थोडी भर.

पोटात पाणी म्हटलं की सिरॉसिस, म्हणजे व्रण धरून खराब झालेलं यकृत, हे समीकरण इतकं घट्ट आहे की दारूला कधी शिवलेला नसलेला माणूसही 'खरं सांगा, घेता ना?' या प्रश्नातून सुटत नाही. पोटातल्या पाण्याची साधी तपासणी इथे मदत करते. रक्तातलं अल्ब्युमिन वजा पाण्यातलं अल्ब्युमिन हा फरक १.१ किंवा जास्त असेल तर पाणी शिरांतल्या दाबामुळे आलंय. सिरॉसिसमध्येही तो तसाच असतो. पण सिरॉसिसच्या पाण्यात एकूण प्रथिनं सहसा कमी असतात, आणि हृदयाकडून तुंबलेल्या पाण्यात डेसिलिटरला २.५ ग्रॅमपेक्षा जास्त. फरक मोठा आणि प्रथिनंही जास्त, असा रिपोर्ट आला की मी आधी रुग्णाची मान बघतो.

सोनोग्राफीत यकृताच्या शिरा रुंद आणि खालची महाशिरा फुगलेली, श्वासाबरोबर अजिबात न मिटणारी दिसते. सिरॉसिसमध्ये सहसा तसं नसतं. सोनोग्राफी करणाऱ्याने यकृताचा खडबडीत पोत लिहिला आणि महाशिरेवर ओळही लिहिली नाही, असे रिपोर्ट ढिगाने येतात. वर्षानुवर्षं तुंबलेल्या यकृतात खरंच व्रण धरतो, त्यामुळे पोत खडबडीत दिसणं खोटंही नसतं. प्राग शहरातल्या फ्रीडेल पिकने १८९६ सालीच याला खोटा सिरॉसिस म्हटलं होतं. सव्वाशे वर्षं होऊन गेली, आम्ही अजून फसतोच.

आणखी एक फसवं रूप म्हणजे आतड्यातून प्रथिनं गळणं. लसिकावाहिन्या तुंबतात, अल्ब्युमिन घसरतं, चेहरा आणि अंग सुजतं. लघवीत प्रथिनं नाहीत, यकृत एवढं अल्ब्युमिन पाडण्याइतकं खराब नाही, जुलाबही फारसे नाहीत. अशा वेळी इको सांगायचं सुचायला हवं.

बाराखडी:

पोटोबा, तुमचा दुसरा परिच्छेद म्हणजे आमच्या दाजींची कथा. आयुष्यात सुपारीचं व्यसन नाही, तरी यकृत खराब म्हणून पथ्यं चालली होती. दर थोड्या दिवसांनी पोटातलं पाणी काढायचं, की परत भरायचं. इको झाला होता, 'नॉर्मल' होता. शेवटी एका तरुण डॉक्टर मुलीने त्यांना कॉटवर ताठ बसवून मान पाहिली आणि दुसऱ्यांदा इको करायला लावला. तरुणपणी टीबीची औषधं घेतली होती, हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं आणि त्यांनाही सांगावंसं वाटलं नव्हतं. ऑपरेशन झालं. आता शेतावर जातात.

माझा प्रश्न असा, की पहिला इको चुकीचा होता का?

इकोघर:

@बाराखडी, दाजी बरे आहेत हे वाचून छान वाटलं. तो इको पाहिल्याशिवाय त्यावर बोलणं योग्य नाही. पण साधारणपणे सांगतो. इकोचा विनंती-कागद 'एलव्ही फंक्शन बघा' असा आला तर पंपिंग, झडपा, भिंती बघून पाच-सात मिनिटांत काम संपतं आणि त्या प्रश्नाचं उत्तर बरोबरच असतं. या आजाराचा प्रश्न वेगळा विचारावा लागतो. श्वासाची रेघ लावा, यकृताची शिरा बघा, पडदा बघा.

क्ष_किरण:

रेडिओलॉजीच्या बाकावरून हजर. इकोघर यांनी पूर्ण आवळलेल्या पिशवीबद्दल लिहिलंय. आमच्याकडे खरी मजा येते ती पिशवी एकाच जागी आवळते तेव्हा.

कॅल्शियमला काही जागा विशेष आवडतात: कर्णिका (हृदयाचे वरचे कप्पे) आणि जवनिका (खालचे कप्पे) यांच्या मधली खाच, उजव्या जवनिकेचा पृष्ठभाग आणि डायफ्रॅमला टेकलेली खालची बाजू. त्या खाचेत कॅल्शियमचा पट्टा गोल फिरला तर हृदय कमरेत आवळल्यासारखं दिसतं. झडपा स्वतः निरोगी, पण पट्टा बाहेरून दाबतो, आणि इकोवर मायट्रल किंवा ट्रायकस्पिड झडप अरुंद झाल्यासारखा प्रवाह मिळतो. आपल्याकडे ऱ्हुमॅटिक झडपा इतक्या, की मायट्रल स्टेनोसिस (अरुंद मायट्रल झडप) हा शब्द जिभेवर तयारच असतो. झडपेची पानं पातळ आणि मोकळी हलताहेत, तरी पलीकडे दाब साचतोय, असं असेल तर सीटी करावं. पट्टा उजव्या जवनिकेच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर असेल तर पल्मनरी स्टेनोसिससारखा आवाज आणि दाबाचा फरक मिळतो. डाव्या बाजूलाच आवळलं तर पाय सुजण्याआधी दम लागतो आणि फुप्फुसात रक्त तुंबतं. नेहमीच्या रुग्णात एक्स-रेवर फुप्फुसं त्या मानाने स्वच्छ असतात, त्यामुळे इथे सगळेच गोंधळतात.

एक्स-रेबद्दल एक तक्रार. बाजूने काढलेला, लॅटरल व्ह्यू, आता कुणी मागवतच नाही. समोरून काढलेल्या फिल्ममध्ये मणके आणि हृदयाची सावली यांत कॅल्शियम हरवतं, लॅटरलमध्ये ते सरळ डोळ्यात भरतं. त्यातही बघून घ्यायचं: कॅल्शियम डाव्या जवनिकेच्या टोकाशीच असेल तर जुन्या हार्ट अ‍ॅटॅकनंतरचा फुगा असण्याची शक्यता जास्त.

सीटीचे सापळे दोन. पेरिकार्डियमच्या पदरांत थोडं पाणी असलं तरी ते जाडीत मोजलं जातं, आणि ईसीजीशी न जुळवलेल्या स्कॅनमध्ये हृदयाच्या हालचालीने कड पुसट होऊन पिशवी उगाच जाड दिसते. याउलट हाडासारखं कॅल्शियम असूनही मानेच्या शिरा सपाट, लक्षण शून्य, असेही लोक असतात. त्यांना कॅल्शियम आहे, आजार नाही. म्हणून आम्ही जाडीखेरीज इतर गोष्टी बघतो: उजवी जवनिका नळीसारखी लांबट, कर्णिका मोठ्या, महाशिरा फुगलेली, मधला पडदा वाकडा.

एमआरआयची उलटी गंमत. पेरिकार्डियम त्यात काळं दिसतं आणि कॅल्शियमही काळंच. एक्स-रेवर ओरडून सांगणारं कवच एमआरआयच्या रिपोर्टमध्ये गायब, असं होऊ शकतं. कॅल्शियम शोधायला सीटीच हवं.

खवचट_काका:

धागा उत्तम, पण इकोघर यांनी मीडियल ई-प्राइमला जरा जास्तच डोक्यावर घेतलंय. मीही पिकल्या केसांचा हृदयरोगवाला आहे, म्हणून काड्या करायचा हक्क बजावतो.

एक, मायट्रल झडपेच्या कड्यात कॅल्शियम असेल किंवा पडद्याला जुना अ‍ॅटॅक येऊन गेला असेल, तर तो वेग कमीच येणार, पिशवी कितीही आवळलेली असो. दोन, रेडिएशन घेतलेल्यांत पिशवी आणि स्नायू दोन्ही खराब होतात. तिथे ९ च्या खालचा आकडा बघून 'रिस्ट्रिक्टिव्ह' लिहिलंत तर अर्धवट खरं लिहिलंत. तीन, बायपासनंतर, लेफ्ट बंडल ब्लॉकमध्ये (हृदयाच्या विजेच्या डाव्या वाटेत अडथळा), पेसमेकरवर मधला पडदा तसाही वेडावाकडा हलतो. पडद्याच्या हालचालीची तुमची खूण तिथे काय सिद्ध करणार? चार, दम्याचा किंवा सिगारेटने फुप्फुसं गेलेला माणूस जोरजोरात श्वास घेतो, त्याच्या मायट्रल प्रवाहात आवळलेल्या पिशवीसारखा २५% चढउतार सहज मिळतो. पाच, एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे अनियमित ठोके. तिथे ठोका-ठोक्याला सगळंच बदलतं.

इकोघर:

@खवचट_काका, पाचही मुद्दे मान्य, आणि खरं तर हेच या धाग्याचं पोट आहे. उलट क्रमाने घेतो.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये खूप ठोक्यांची लांब पट्टी घ्यावी लागते आणि साधारण सारख्या अंतराचे ठोके श्वासाशी जुळवून बघावे लागतात. मायट्रल प्रवाहापेक्षा यकृताची शिरा तिथे जास्त खरं बोलते. दम्याच्या रुग्णात वरच्या महाशिरेचा प्रवाह बघायचा. फुप्फुसाच्या आजारात श्वास घेताना तो खूप वाढतो, आवळलेल्या पेरिकार्डियममध्ये फारसा बदलत नाही. पडद्याचं म्हणाल तर ठोक्यागणिकचा थरकाप आणि श्वासागणिकचं सरकणं या दोन वेगळ्या गोष्टी. बंडल ब्लॉकमध्ये थरकाप असतो, श्वासाबरोबर पडदा डावी-उजवीकडे जात नाही. मेयोच्या तीन खुणांत मोजलंय ते सरकणं. ट्रायकस्पिड झडपेची तीव्र गळती मात्र दोन्हींत घोळ घालते, तिथे मीही कॅथ लॅबकडे (नळी घालून हृदयातले दाब मोजतात तिथे) बोट दाखवतो.

तुम्ही सहावा मुद्दा सोडलात, तो मीच टाकतो. डाव्या कर्णिकेतला दाब फार चढला असेल तर श्वासाचा चढउतार दिसतच नाही. रुग्णाला उठवून बसवलं किंवा टेबल डोक्याकडून वर केलं की तोच रुग्ण पुस्तकातला होतो. याउलट पाणी काढणाऱ्या गोळ्यांनी कोरडा केलेला रुग्ण. त्याचं सगळं नॉर्मल दिसतं, आणि कॅथ लॅबमध्ये सलाइन दिल्यावर दोन्ही जवनिकांचे दाब एका पातळीवर येऊन बसतात. रुग्ण तोच, इकोही तोच, फक्त अंगातलं पाणी वेगळं. हे घरी किंवा वॉर्डात करून बघायचं काम नव्हे, एवढी तळटीप.

रेडिएशनबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत.

स्ट्रेनचा बुल्स-आय नकाशा (हृदयाच्या भिंतीचा कुठला भाग किती आकसतो ते दाखवणारं गोल चित्र) अशा वेळी मला उपयोगी वाटतो. अमायलॉइडमध्ये (स्नायूत प्रथिन साचून तो कडक होण्याचा आजार) तळाचा भाग फिका आणि टोक चांगलं. आवळलेल्या पेरिकार्डियममध्ये बाहेरच्या भिंतींचा ताण कमी आणि पडद्याचा टिकलेला. पहिल्यांदा तो नकाशा बघणाऱ्याला बाहेरच्या भिंतीच्या रक्तवाहिनीत ब्लॉक असावा असं वाटतं, आणि अँजिओग्राफी स्वच्छ येते.

पल्याडची_ओवी:

न्यू जर्सीहून वाचतेय. माझ्या सासऱ्यांना बायपासनंतर काही महिन्यांनी पेरिकार्डियममध्ये पाणी झालं. ते काढलं, सगळे म्हणाले आता बरं वाटेल, पण दम आणि सूज तशीच. इथल्या डॉक्टरांनी 'इफ्युसिव्ह-कॉन्स्ट्रिक्टिव्ह' असं काहीतरी सांगितलं आणि लगेच ऑपरेशन न करता गोळ्या चालू केल्या. आई म्हणते, आवळलंय तर कापून मोकळं का करत नाहीत? हे गोळ्यांनी सुटतं का?

इकोघर:

@पल्याडची_ओवी, सासऱ्यांचा निर्णय त्यांचे डॉक्टरच करतील. आजाराबद्दल तेवढं सांगतो.

हे रूप सर्वांत चकवणारं, कारण स्क्रीनवर पाणी दिसलं की डोळे तिथेच अडकतात. पाण्याचा दाब हृदयावर आहेच, पण हृदयाला चिकटलेला आतला पदरही आवळलेला आहे, आणि तो इतका पातळ असू शकतो की कुठल्याच स्कॅनवर वेगळा दिसत नाही. पाणी काढल्यावर पेरिकार्डियममधला दाब शून्याजवळ येतो, तरी उजव्या कर्णिकेतला दाब निम्म्याने उतरत नाही किंवा १० मिमी पाऱ्याच्या खाली येत नाही, तेव्हा हे निदान होतं. बार्सिलोनाच्या गटाने २००४ साली पेरिकार्डायटिसच्या ११८४ रुग्णांत हे शोधलं. दाब मोजत पाणी काढलेल्या टॅम्पोनाडच्या (पिशवीतल्या पाण्याने हृदय दाबलं जाणं) १९० जणांपैकी १५ जणांत सापडलं, म्हणजे जवळपास ८%. पाणी काढून झाल्यावर लगेच पुन्हा इको बघण्याची सवय असेल तर दाब न मोजताही संशय येतो.

आता गोळ्या. सगळं आवळणं कायमचं नसतं. काही रुग्णांत दाह ताजा असतो, पिशवी सुजून कडक झालेली असते, अजून व्रण पक्का झालेला नसतो. दाह शमला की ती सैल होते. ते ओळखायला एमआरआय उत्तम. गॅडोलिनियम हे एमआरआयचं औषध शिरेतून दिल्यावर पेरिकार्डियम झळकलं तर दाह जिवंत. मेयोच्या २०११ मधल्या २९ रुग्णांच्या अभ्यासात झळकणाऱ्या थराची जाडी ३ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर आजार औषधांनी परत फिरेल, हे ८६% संवेदनशीलतेने आणि ८०% विशिष्टतेने सांगता आलं. म्हणजे इथे जाड पिशवी ही चांगली बातमी. पातळ, न झळकणारी, मुकाट पिशवी असेल तर गोळ्यांकडून फार आशा नाही. रक्तातलं सीआरपी (दाहाची खूण) वाढलेलं असेल तर तेही औषधांच्या बाजूने बोलतं.

क्ष_किरण:

एमआरआयबद्दल पुस्ती. श्वास रोखून काढलेल्या नेहमीच्या चित्रांत पडद्याचं सरकणं दिसणारच नाही, कारण श्वासच थांबवलाय! मोकळ्या श्वासात, रुग्णाला खोल श्वास घ्यायला सांगून काढलेली रिअल-टाइम सिने मालिका मागवावी लागते. टॅगिंगच्या, म्हणजे चित्रावर मुद्दाम आखलेल्या, रेघाही बघण्यासारख्या असतात. निरोगी हृदय पिशवीत घसरतं, त्यामुळे दोघांवरून जाणारी रेघ ठोक्यात तुटते. चिकटलेल्या जागी ती न तुटता नुसती वाकते.

कंदीपेढा:

टीबीचं विचारायचं राहिलं. टीबीची औषधं वेळेत घेतली तर हे आवळणं टळतं का? स्टिरॉइड देतात असंही ऐकलंय.

खवचट_काका:

@कंदीपेढा, याचं उत्तर मी देतो, इकोघर दमले असतील.

औषधांनी जंतू मरतात आणि आवळण्याचा धोका बराच घटतो, पण संपत नाही. स्टिरॉइडवर आफ्रिकेत मोठी चाचणी झाली, इम्पी नावाची, केपटाऊनचे बोंगानी मायोसी तिचे प्रमुख. १४०० रुग्ण, निकाल २०१४ साली. मृत्यू, पाणी काढावं लागेल असा टॅम्पोनाड आणि आवळणं यांचा एकत्रित हिशोब केला तर प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडने फरक पडला नाही. पण नुसतं आवळणं पाहिलं तर ७.८ टक्क्यांवरून ४.४ वर आलं. त्या रुग्णांत दोनतृतीयांश एचआयव्ही बाधित होते आणि स्टिरॉइडच्या गटात कॅन्सरचं प्रमाण वाढलं, त्यामुळे एचआयव्ही असेल तर हात आखडता घेतात. त्याच चाचणीत भारतात विकसित झालेलं मायकोबॅक्टेरियम इंडिकस प्रानी हे इंजेक्शनही तपासलं होतं. त्याचा उपयोग दिसला नाही.

बाराखडी:

ऑपरेशनबद्दल कुणी लिहील का? दाजींच्या वेळी 'मोठं ऑपरेशन आहे' याच्यापुढे आम्हाला काही कळलं नव्हतं.

इकोघर:

@बाराखडी, मोठं आहे हे खरंच. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी, डायफ्रॅमपर्यंत, जमेल तेवढी पिशवी सोलून काढायची. कॅल्शियम स्नायूत घुसलं असेल तर तो तुकडा तिथेच सोडावा लागतो, ओढला तर भिंत फाटते. रक्तवाहिन्या कवचात अडकलेल्या असू शकतात. म्हणून सर्जनला आधी सीटी हवा असतो, निदान माहीत असलं तरी. आतला पदर आवळलेला असेल तर त्याला चौकटी चौकटी चिरा देतात.

निकाल कारणावर फार अवलंबून. क्लीव्हलँडच्या २००४ च्या मालिकेत सात वर्षांनी जिवंत असलेले: कारण न सापडलेल्यांत ८८%, आधी हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्यांत ६६%, रेडिएशनच्या गटात २७%. काकांचा मुद्दा या शेवटच्या आकड्यात आहे, पिशवी काढता येते, भाजलेला स्नायू बदलता येत नाही. आणि उशीर केला तर यकृत आणि स्नायू दोन्ही थकतात. पोटातलं पाणी वर्षानुवर्षं काढत बसलेला रुग्ण ऑपरेशनला येतो तेव्हा सर्जनचा चेहरा बघण्यासारखा असतो.

ऑपरेशननंतरचा इको बघून घाबरू नये. पडद्याची हालचाल काही काळ तशीच वेडीवाकडी राहू शकते, आणि ट्रायकस्पिडची गळती आधीपेक्षा जास्त दिसू शकते.

पोटोबा:

एक मागणी. आमच्यासारख्यांनी इकोच्या कागदावर नेमकं काय लिहायचं? 'रूल आउट सीसीपी' (हाच आजार नाही ना ते बघा) लिहिलं की 'नो पेरिकार्डियल थिकनिंग', म्हणजे पिशवी जाड नाही, असं उत्तर येतं आणि गाडी पुन्हा तिथेच.

इकोघर:

@पोटोबा, लिहा: 'मानेच्या शिरा फुगलेल्या आहेत, पाण्यात प्रथिनं इतकी, महाशिरा मिटत नाही. कृपया रेस्पिरोमीटर (श्वासाची रेघ) लावून पडदा, यकृताची शिरा आणि दोन्ही बाजूंचे ई-प्राइम बघावे.' एवढं वाचल्यावर कुणी पाच मिनिटांत रुग्णाला उठवणार नाही. टीबी, बायपास, रेडिएशन यातलं काही झालं असेल तर तेही. जमलं तर आदल्या दिवशीच्या लॅसिक्सचा (पाणी काढणारं औषध) डोसही लिहा, कोरडा रुग्ण ओळखायला बरं पडतं.

खवचट_काका:

आणि कागद लिहिण्याआधी रुग्णाला ताठ बसवून मान बघा. ४५ अंशांवर रेललेल्या रुग्णात शिरेतल्या रक्ताची वरची पातळी जबड्याच्याही वर गेलेली असते, मग शिरा उडताना दिसतच नाही आणि केसपेपरवर 'जेव्हीपी (मानेच्या शिरेतला दाब) नॉर्मल' असं लिहिलं जातं. बसवल्यावर बऱ्याचदा कानाची पाळी हलताना दिसते.